सव्वा महिन्याच्या रेघा

एक जूनला जन्मलेल्या माणसांची जत्रा भरवायची म्हटली, तर महाराष्ट्रात तेवढं मैदान सापडायचं नाही. आमच्या वेळी बाप पोराला घेऊन शाळेत गेला की गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "भाताच्या कापणीला झालं बघा," नाहीतर "तांबडी गाय मेली त्या साली." गुरुजी तरी काय करणार. शाळा जूनात उघडायची, पोर सहाचं पुरं दिसायला हवं. ते एक जून टाकून मोकळे व्हायचे. आमचं निम्मं गाव असं एकाच दिवशी जन्मलं. सुइणीला त्या दिवशी पाणी प्यायला सवड मिळाली नसेल.

शाळेतली माझी तारीखही एक जूनच. पण मी त्या कळपातली नव्हे. माझा खरा दिवस अख्ख्या कोयना खोऱ्याला ठाऊक होता. अकरा डिसेंबर एकोणीसशे सदुसष्ट. त्या पहाटे धरणी हलली, घरं बसली, झोपलेली माणसं झोपलेलीच राहिली. आणि त्याच पहाटे माझ्या आयेला मी झाले. दगडांत वाचली म्हणून नाव ठेवलं दगडाबाई.

या नावाची मला कधी लाज वाटली नाही. "मला हलवायला धरणीकंप पुरला नाही, तू कोण लागून गेलास?" हे वाक्य मी तलाठ्याला ऐकवलंय, व्याह्याला ऐकवलंय आणि मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्यालाही ऐकवलंय. बाप फौजेत होता, तो एकाहत्तरच्या लढाईत गेला. मी एकुलती एक. माझे मालक घरजावई होऊन आले, त्यामुळे ज्या घरात वाढले त्याच घरात मी सासू झाले आणि आजी झाले. शाळा दुसरीपर्यंत. तेवढी मला पुरली.

शाळेचा संबंध राहिला तो फळ्यापुरता. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहितात. आजच्या दिवशी कुठला देश स्वतंत्र झाला, कुणी कसला शोध लावला, कोण जन्मलं, कोण वारलं. वर्गांत उजेडाचे पडदे आले तरी हा फळा मी हलवू दिला नाही. कारण अकरा डिसेंबरला त्यावर पहिली ओळ भूकंपाची असायची आणि दुसरी ओळ अशी, 'याच दिवशी आपल्या गावच्या श्रीमती दगडाबाई यांचा जन्म.' दरवर्षी मी धुतलेलं लुगडं नेसून ती ओळ वाचायला जायची आणि पोरांना गूळ-शेंगदाणे वाटायची. शोध लावणारे सगळे दूरचे. फळ्यावरचं जवळचं माणूस मीच.

घरी त्या दिवशी आये शेवयांची खीर करायची. दोन वाट्या. मला ओवाळून एक वाटी माझ्या हातात द्यायची, दुसरी घेऊन पिछाडीला फणसाखाली जायची आणि तिथल्या चपट्या दगडावर ठेवायची. "गेलेल्यांची," एवढंच म्हणायची. त्या पहाटे माझी आजी, म्हणजे आयेची सासू, घराखाली गेली होती. मी पुढं कधी विचारलं नाही. मला माझ्या वाटीतल्या बेदाण्यांची घाई असायची.

*

दोन हजार बेचाळीस साल उजाडलं. भूकंपाला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून खोऱ्यातल्या गावांनी मिळून समिती केली. मोठा मांडव घालायचा, गेलेल्यांची नावं वाचायची आणि त्या पहाटे जन्मलेल्या माणसाच्या हातून दिवा लावायचा ठरलं. माझं नाव आपसूक निघालं. तेवढ्यात नदीपलीकडची तान्हूबाई उभी राहिली. म्हणे, मीपण त्याच पहाटेची.

"तिचं तोंड बघून तरी ती पानशेतच्या पुराआधीची वाटते," मी म्हणाले.

समितीतले लोक कुणाला दुखवायला तयार नव्हते. त्यांनी ठरवलं, दोघींची दाढ वाचून घेऊ.

आता हे दाढ वाचणं काय, ते सांगितलं पाहिजे. माझी नात ईश्वरी कराडच्या प्रयोगशाळेत तेच काम करते. त्यांचं यंत्र दिसायला खिशातल्या विजेरीएवढं. दात उपटायचा नाही, कापायचा नाही. तोंड उघडायचं, यंत्र दाढेला लावायचं, आतल्या आत उजेड फिरतो आणि चित्र निघतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. लोकांनी त्याला दातपंचांग करून टाकलं.

"झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं पडतं ना, आजी," ईश्वरीनं मला समजावलं होतं, "तशी दाढ हिरडीच्या आत बनत असते तेव्हा तिच्यात दिवसाला एक रेघ पडते. केसाहून बारीक. माणूस आईच्या पोटातून बाहेर येतं तो फार मोठा धक्का, म्हणून त्या दिवसाची रेघ जाड उमटते. ती जन्मरेघ. पुढं मोठं दुखणं आलं, उपास घडला, जिवाची घाबरगुंडी झाली, की पुन्हा एक गडद रेघ."

"पण रेघेवर तारीख कुठं लिहिलीय?"

"तिथंच तुमचा भूकंप कामाला आला. त्या वेळी या खोऱ्यात जी तान्ही पोरं होती, त्या सगळ्यांच्या दाढेत एक गडद रेघ आहे. सगळ्यांची एकाच दिवसाची. तो आमचा खिळा. खिळ्यापासून मागं एकेक रेघ मोजत जन्मरेघेपर्यंत जायचं, की तारीख हातात."

प्रत्येक मुलखाचा असा आपला खिळा निघाला. कुठं पूर, कुठं तापाची साथ, कुठं दुष्काळातला सगळ्यांत वाईट आठवडा. मोठे दिवस पुस्तकात असतात असं आपण समजत होतो, ते माणसांच्या दाढेत जाऊन बसले होते.

एक जूनवाल्यांची मग रांग लागली. कुणाची कुंडली फिरली, कुणी म्हणालं मला नोकरीतून दोन वर्षं आधीच घरी पाठवलं. आमच्या गावात धोंडिबा आणि मारुती हे दोघे चुलतभाऊ. थोरला म्हणून धोंडिबा जन्मभर होळीची पहिली पोळी टाकत आला. दाढेनं मारुती थोरला ठरवला. दोघं सत्तरीचे, आणि होळीपुढं पोळीसाठी रुसून बसले. खालच्या आळीची कोंडाबाई नवऱ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी निघाली. तेव्हापासून ती त्याला नावानं हाक मारते आणि तो ओ देतो.

"तुझ्या दाढेत मात्र गंमत असेल," ईश्वरी म्हणाली. "तुझा जन्म आणि भूकंप एकाच पहाटेचे. दोन्ही रेघा एकावर एक बसलेल्या, म्हणजे एकच जाडजूड रेघ. खोऱ्यात अशी दाढ दुसरी नसणार."

"मग आण तुझं ते पंचांग," मी म्हणाले. "तान्हूबाईचा आवाज बंद करू."

आये कोपऱ्यात बसून लसूण सोलत होती. वय पंचाण्णव, पण कान शाबूत. मान वर न करता म्हणाली, "धर्माच्या गायीचं दात बघू न्हायेत."

"मी काय गाय हाय?"

"गाय असतीस तर बरं झालं असतं. गाय बोलत न्हाय."

आम्ही हसलो. आये हसली नाही. सोललेला लसूण तिनं सालींच्या ढिगात टाकला आणि सालं वाटीत. वयाचा दोष म्हणून मी तिकडं बघितलं नाही.

*

दाढ वाचून ईश्वरी गेली, ती पुढच्या रविवारी परत आली. माझी सून प्रणाली पिछाडीच्या पडवीत बांगडे तळत होती. सून चिपळूणची. मुलानं आवडली म्हणून आणली, मी भाकरी थापायला शिकवली म्हणून टिकली, असं मी सगळ्यांना सांगत असे. मुलगा राजस्थानात वाळवंटातल्या सूर्यविजेच्या कामावर, आणि ही माझ्या जिवाला. मासळी माझ्या स्वयंपाकघरात चालायची नाही. पंचवीस वर्षं ती पडवीतल्या चुलीवर मासे करत आली आणि पंचवीस वर्षं मी नाकाला पदर लावत आले.

"आज कुठला समुद्र आणलास?" मी ओट्यावरून विचारलं.

"भरतीचा, आत्या. जपून बसा, पाय भिजतील," ती म्हणाली. बोलायला माझ्याच हाताखाली शिकलेली.

ईश्वरी येऊन माझ्याशेजारी बसली. एरवी आल्या आल्या डबे उघडणारी पोर. आज ओढणीचं टोक पिळत होती.

"तान्हूबाईचं काय निघालं?" मी विचारलं.

"ती तेव्हा वर्षाची होती. चालत असेल."

"मी म्हणत नव्हते? बरं, माझं?"

"आजी, तुझ्या दाढेत एक रेघ नाही. दोन आहेत."

मला आधी उमगलं नाही. ती हळूहळू सांगत गेली. जन्मरेघ वेगळी. भूकंपाची रेघ वेगळी. मधे सव्वा महिन्याच्या बारीक रेघा, सुबक, एकसारख्या, भरल्या पोटाच्या बाळाच्या असतात तशा. धरणी हलली तेव्हा मी सव्वा महिन्याची होते.

"यंत्र चुकलं असेल."

"तीनदा वाचलंय." तिनं ओढणीचं टोक सोडलं. "अजून आहे. बाळ जे दूध पितं, त्यात ते दूध पाजणाऱ्या बाईचा अंश उतरतो. तिनं जन्मभर प्यालेलं पाणी, खाल्लेलं अन्न, जिथं वाढली तिथली माती, सगळं तिच्या हाडांत असतं. तेच दुधातून बाळाच्या दाढेत येऊन बसतं. तुझ्या दाढेत दोन दुधं आहेत, आजी. भूकंपाच्या आधी एक. मग दिवसभर, थोडं जास्तच, काहीच नाही. उपास. आणि मग दुसरं. ते दुसरं इथलं, आपल्या डोंगरातल्या बाईचं. पणजीचं असणार."

"आणि पहिलं?"

"खालचं. कोकणातलं. समुद्राकाठी वाढलेल्या, मासळी खाणाऱ्या बाईचं."

पडवीत तव्यावरचं तेल तडतडत होतं. प्रणाली उलथनं हातात धरून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पंचवीस वर्षांचं उट्टं काढायला तिला एक वाक्य पुरलं असतं. तिनं तवा चुलीवरून उतरवला, हात पुसले आणि मला पाण्याचा तांब्या आणून दिला. ती बोलली असती तर मी तिला कधी माफ केलं नसतं. बोलली नाही, याचाही मला त्या घटकेला रागच आला.

"अहवाल मी अजून समितीला पाठवलेला नाही," ईश्वरी म्हणाली. "पाठवला तर दिव्याचा मान जाईल आणि गावभर होईल. नाहीतर दाढ झिजलीय, वाचता येत नाही, असं कळवता येतं. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचं तसं होतंच. तू सांगशील ते करते."

"तुझ्या नोकरीत ते बसतं का?"

"नाही बसत."

"मग मला कशाला विचारतीस?"

"तू माझी आजी आहेस म्हणून."

मी उठून आत गेले. आये खाटेवर पडून होती. माझ्या पावलांनी तिनं डोळे उघडले, माझं तोंड बघितलं आणि भिंतीकडं कूस वळवली. विचारायची गरजच नव्हती.

*

मी आयेशी बोलणं टाकलं. रोजच्यासारखा तिला नहाणीत नेऊन न्हाऊ घालायची, पातळ नेसवायची, भाकरी दुधात कुस्करून द्यायची. सगळं मुक्यानं. आमच्या घरात मी गप्प आहे हे बघायला शेजारीण ताक मागायच्या निमित्तानं येऊन गेली.

डोकं मात्र गप्प बसेना. घरातल्या जुन्या फुशारक्या एकेक करून वर येऊ लागल्या. दगडाबाई पंधराव्या दिवशी खुदकन हसली. दगडाबाईनं महिन्याच्या आत मान धरली. बाप महिन्यानं सुट्टीवर आला तर पोर त्याच्याकडं बघून हुंकार देत होती. तो म्हणाला, हे बाळ नव्हे, हा जवान आहे. ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल. स्वतः सहा पोरांची बाळंतपणं केली, चार नातवंडं मांडीवर घेतली, पंधराव्या दिवशी कुठलं बाळ हसताना बघितलं नाही. तरी कधी मनात आलं नाही. भूकंपाचं पोर आहे, असायचंच तसं, असं आम्ही सगळे म्हणत आलो.

आणि माझं नाव. दगडू, धोंडू, केरू ही नावं कुणाला ठेवतात? ज्या घरात आधीचं लेकरू गेलंय, तिथं पुढच्याला ठेवतात, म्हणजे त्याला दृष्ट लागत नाही. हे अडाण्यालाही ठाऊक. पहिल्या लेकराला कोण दगडाबाई म्हणतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हात आयेला खुर्चीवर बसवली आणि तिच्या पायांना तेल चोळायला घेतलं. टाचेच्या भेगांत तेल जिरत होतं. मी मान खाली घालूनच विचारलं, "फणसाखालची वाटी कुणाची, आये?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माझ्या लेकीची," ती म्हणाली.

मी चोळत राहिले. ती बोलत राहिली. पंचाहत्तर वर्षं ओठाआड ठेवलेलं, पण कुठं अडखळली नाही. रोज मनात म्हणत आली असावी.

"शेजारच्या खोलीत वेणू ऱ्हायची. चिपळूणच्या खालच्या अंगाची. तिचा दाल्ला धरणावर कामाला. माझा फौजेत. आमी दोघी पोटुशी. ती दिवाळीत बाळात झाली, तू झालीस. तिला शेपा, डिंक, समदं मी केलं. तिचा सव्वा म्हैना पुरा व्हायला आलावता. मला म्हनली, हौसा, आता देवाला जाऊन येते, मग तुजं बाळातपान मी करनार, तू हातसुदिक हलवायचा न्हाई." आयेनं दुसरा पाय पुढं केला. "त्या पाटं मला कळा सुटल्या म्हनून मी अंगनात आले. म्हनून वाचले. मागं घर बसलं. सासू आत. अंगनातच पोर झाली. दोन डाव रडली आन् निवली. तिला मी फनसाखाली ठेवली. कुनी बगाया नव्हतं, ज्येचं त्येला पडलं हुतं."

"आणि मी?"

"दुसऱ्या दिशी. ढिगाऱ्यातनं रडू आलं. बारीक, मांजरावानी. ते ऐकलं आन् माजी चोळी भिजली. दगडे, दूध आलं हुतं आन् प्यायला कुनी नव्हतं. मी हातानं दगडं काढली. तिचा दाल्ला तुळईखाली गेलावता. वेणू तुज्यावर पालथी हुती. तुज्याभोवतीचा तिचा हात सुटंना. मी म्हनलं, सोड वेणू, मी घेते. मंग सुटला."

कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या.

"सांगितलं का नाहीस?"

"आठ दिसांनी तिचा भाऊ आला. छावणीत हिंडून विचारत हुता, भन, दाजी, भाची. मी तंबूत तुला पदराखाली घेऊन बसले. त्यानं माज्याकडं बगितलं. म्हनला, तुमचं वाचलं का, ताई? म्हनलं, व्हय. म्हनला, देवाची किरपा. आन् गेला."

"माझा मामा होता तो."

"व्हय."

"त्यानं मला नेलं असतं."

"व्हय. आन् मी दूध पिळून मातीत टाकलं असतं." तिनं प्रथमच माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुला राग यायचा तर येऊ दे. मी चोरी केली. पन पुन्यांदा तशी येळ आली तर पुन्यांदा करीन."

अशी ही म्हातारी. मी उगीच तिखट झाले नाही.

राग आला. आजही कधी कधी येतो. तो माणूस रिकाम्या हातानं घाट उतरून गेला असेल, त्याच्या आईला काय सांगितलं असेल. पण माझ्या हातात आयेचे पाय होते, आणि रागाच्या भरातही ते खाली ठेवावेत असं मला वाटलं नाही.

"तुझ्या लेकीचं नाव काय ठेवणार होतीस?"

"शालन. फौजी सांगून गेलतं. पोरगी झाली तर शालन."

"मग मला का नाही दिलंस ते? दगडाबाई करून ठेवलीस."

"दिस तुला द्यावा लागला, तिचा," आये म्हणाली. "लोकांनी माजं प्वाट बगितलं हुतं. पन नाव तिचं हुतं. त्येबी तुला दिलं असतं तर ती कुटं ऱ्हायली असती?"

मी तिच्या पायांवर पदर टाकला. मग माझंच डोकं त्या पदरावर टेकलं. तेलकट हातानं ती माझे पांढरे केस मागं सारत होती, मी सहा वर्षांची असताना सारायची तसे.

*

संध्याकाळी ईश्वरीला फोनवर सांगितलं, अहवाल पाठव. तिनं पुन्हा विचारलं, "नक्की?"

"खोट्या तारखेनं पंचाहत्तर वर्षं मिरवलं. खरी कळल्यावर मिरवलं तर ती चोरी माझी होईल."

"चार नोव्हेंबर निघतीय तुझी. त्या दिवशी फळ्यावर लिहायला सांगू?"

"त्या दिवशी एखादा देश स्वतंत्र झाला असेल, त्याला राहू दे."

समितीचे लोक घरी आले, गुळमुळीत बोलले, चहा पिऊन गेले. दिवा शाळेतल्या सगळ्यांत लहान पोरीच्या हातून लावायचं ठरलं. तान्हूबाईनं निरोप पाठवला, की दोघींचीही जिरली. मी उलट निरोप धाडला, तू तेव्हा चालत होतीस तर पळून का नाही गेलीस.

प्रणालीनं दोन दिवस धीर धरला. मग भाकऱ्या करता करता म्हणाली, "आत्या, माझ्या माहेरी विचारून बघू का? खालच्या अंगाला जुनी घरं आहेत. बहीण भूकंपात गेली असं एखाद्या घरात सांगत असतील."

"विचार. पण त्यांना आधीच सांग, बाई बोलायला फटकळ आहे."

"ते त्यांना ओळखीचं वाटेल. आमच्याकडच्या बायका अशाच असतात."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. गाल आतून चावून हसू दाबत होती. पंचवीस वर्षांत तिनं मारलेला हा पहिला टोमणा आणि तो अगदी वर्मी बसला.

"बांगडा आहे का घरात?" मी विचारलं.

"आहे. पण पडवीत करते ना."

"पडवीत कशाला? वारा लागतो तिथं. आत कर. आणि मला एक तुकडा दे, बघू माझ्या दाढेला काही आठवतं का."

आठवलं काही नाही. काटा मात्र लागला. पण दुसरा तुकडा मी मागून घेतला.

*

अकरा डिसेंबरला सकाळी आयेला चाकाच्या खुर्चीत बसवून आम्ही शाळेत नेलं. खुर्ची प्रणाली ढकलत होती. थंडी होती, धुकं धरणाकडून सरत होतं. साळुंखे गुरुजी फळ्यापुढं खडू घेऊन उभे होते. वयानं तरुण, स्वभावानं गरीब. भूकंपाची ओळ लिहून झाली होती. दुसऱ्या ओळीचं काय करावं, ते त्यांना कळत नव्हतं. कानावर तर सगळं आलं होतं.

"द्या इकडं खडू," मी म्हणाले.

दुसरीनंतर मी फळ्यावर लिहिलं नव्हतं. खडू दोनदा मोडला. अक्षरं ओळ सोडून डोंगर चढली. पोरं हळूहळू मागं गोळा झाली आणि एकेक अक्षर लागेल तसं मोठ्यानं वाचू लागली.

'याच दिवशी आपल्या गावच्या हौसाबाई यांची धाकटी लेक शालन हिचा जन्म.'

गुरुजींनी वाचलं. मग अवघडून, हळू आवाजात म्हणाले, "मावशी, ती त्याच दिवशी गेली ना? मग जन्म आणि मृत्यू, दोन्ही लिहायला हवं. तशी पद्धत आहे."

"मरण वरच्या ओळीत आलं, गुरुजी. भूकंपात गेलेले सगळे त्यात आहेत. जन्म कुणी लिहिला नव्हता."

गुरुजींनी वाकून मोडलेल्या खडूचे तुकडे गोळा केले.

खीर यंदा एकाच वाटीत होती. ती आम्ही निघतानाच फणसाखाली ठेवली होती, आणि ठेवताना मी त्या दगडाशी वाकून म्हणाले होते, शालन, मी तुझी थोरली. सव्वा महिन्यानं. तुझ्या वाट्याचं दूध मी प्याले, ही खीर तरी पुरी तुझी. बेदाणे सगळे तुझ्या वाटीत घातलेत.

आयेला वाचता येत नाही. ती खुर्चीतून पुढं झुकून फळ्याकडं बघत होती, दूरवरून येणारं माणूस ओळखायचा प्रयत्न करावा तशी.

"काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं.

"पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचलं. तिनं हात पुढं केला. मी खुर्ची फळ्याला चिकटवून उभी केली. तिनं नेमक्या कुठल्या अक्षरांवर बोट ठेवायचं, ते मी तिचं बोट धरून दाखवलं. शालन. बोटाला खडूची पांढरी भुकटी लागली. ती तिनं पुसली नाही, मूठ मिटून पदराखाली घेतली.

"पुन्यांदा," ती म्हणाली.

पहिली घंटा झाली. पोरं रांगेत उभी राहिली. प्रार्थना सुरू झाली तरी मी तिला वाचून दाखवतच होते.